बाभळीखालचे अल्फा

परवा दुपारी दोरीवरची साडी काढताना पदर अंगाला चिकटला. सोडवायला गेले तर चट् चट् करत बोटांना बारीक चावे बसले, आणि मी गच्चीवर एकटीच खदखदून हसले. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाईंनी माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं. त्यांना काय सांगणार? बाई, हवा कोरडी झाली. आता बाटलीतली सोन्याची पानं उभी राहणार, खिल्लारे सर हातावर हात घासत वर्गात येणार आणि म्हणणार, "चला रे, आला आपला सीझन!"

लोकांचे ऋतू आभाळात बदलतात. माझा हा एक ऋतू पदरात बदलतो.

आमच्याकडचा फाल्गुन ज्यानं पाहिला नाही, त्याला कोरडं म्हणजे काय ते कळायचं नाही. कयाधूचं पात्र वाळूवर उताणं पडलेलं. रस्त्याच्या कडेला पळस पेटलेले. ओठ फुटायचे, टाचा फुटायच्या, हसताना तोंड जपून उघडावं लागायचं. आणि तोंड जपून उघडायची सवय मला कधीच नव्हती. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. आमचं कॉलेज नवं, पत्र्याचं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला फिजिक्स घेणारे आम्ही हातावर मोजण्याएवढे, आणि त्यात मुलगी मी एकटी. घर आखाडा बाळापूरला. हिंगोलीत मावशीकडे राहायचे आणि शनिवारी एस.टी.नं घरी जायचे.

खिल्लारे सर हट्टा गावचे. सडपातळ, टेरिलीनची एकच पँट, केसात खडूची भुकटी. वर्गात सुरुवात छापील भाषेत करायचे आणि विषयात शिरले की थेट हट्ट्याला पोचायचे. त्यांच्याकडे एक काचेची बाटली होती. तिच्या बुचातून आत उतरलेल्या तारेला सोन्याच्या वर्खाची दोन पानं. आषाढापासून दिवाळीपर्यंत ती पानं रुसल्यासारखी खाली मान घालून असायची. हवेत ओल असली की वीज त्यांच्यावर टिकायची नाही. फाल्गुनात मात्र माझी नायलॉनची रिबन घासून तारेला लावली की दोन्ही पानं भांडलेल्या जावांसारखी फटकन दूर व्हायची. मग सर खिशातून एक जुनं, काच काढलेलं रेडियमचं घड्याळ काढायचे आणि तारेजवळ धरायचे. पानं हळूहळू, अगदी नाइलाजानं, एकमेकींकडे यायला लागायची.

"कुणी शिवलं का?" सर विचारायचे.

"न्हाई सर."

"फुंकर घातली का? ही शालिनी घालते म्हणून इचारतो."

"न्हाई सर!"

"मग कोण येऊन राहिलं?"

आम्ही सगळे एका सुरात ओरडायचो, "अल्फा!" कीर्तनात विठ्ठल म्हणतात तसं.

हे अल्फा म्हणजे काय, तर काही जातीच्या अणूंना आपलं अंग भारी होतं. ते एक तुकडा उडवून देतात आणि हलके होतात. तो तुकडा म्हणजे अल्फा. सुटतो बंदुकीच्या गोळीसारखा आणि दोन बोटांच्या हवेत दमून बसतो. कागद आडवा धरला तरी अडतो. इतका जोर आणि इतकं कमी आयुष्य! तेव्हा मला ही गोष्ट फक्त मजेची वाटली होती. आता पन्नाशीत तीच गोष्ट आठवली की जरा थांबायला होतं.

ते डोळ्यांनी दिसतात, हे सरांनी सांगितलं तेव्हा आम्ही विश्वास ठेवला नाही. झिंक सल्फाइडची पूड चिकटवलेल्या काचेवर अल्फा आपटला की ठिणगी पडते. भिंग लावून बघायचं. पण त्यासाठी खोली ठार अंधारी हवी आणि डोळे त्या अंधाराला सरावेपर्यंत गप्प बसायला हवं. इथं कॉलेज हादरलं. भर दुपारी, दार लावून, अंधारात, पोरं आणि एक पोरगी! प्राचार्यांनी तोडगा काढला. शिपाई बशीरचाचांना आत, माझ्या आणि मुलांच्या मध्ये, स्टूल टाकून बसवलं आणि अधूनमधून खोकायला सांगितलं. चाचा कामाला पक्के. अंधारात त्यांचा खोकला बराबर वेळेवर यायचा, आणि दोन खोकल्यांच्या मध्ये चाचांच्या पलीकडून आमच्या वर्गातला गणपत राठोड हळूच म्हणायचा, "शाले, दिसून राहिलं का काही?"

"चाचांची दाढी."

"चूप बैठो, बेटी," चाचा. आणि पुन्हा खोकला.

आणि मग दिसायचं. भिंगाखाली काळ्या पाण्यावर चांदण्या पेटून विझाव्यात तसं. एकही ठिणगी दुसरीच्या जागी नाही. "एक ठिणगी म्हणजे एक अणू," सर कुजबुजायचे. "तो फुटला, तुमी बघितलं. पुन्यांदा न्हाई दिसणार." त्या क्षणी चाचासुद्धा खोकायचं विसरायचे. त्यानंतर मी पुष्कळ झगमगाट पाहिला. मुलीच्या लग्नात तर आमच्या दारावरच दिव्यांचा धबधबा सोडला होता. पण अंधारात डोळे सरावायची वाट बघत बसणं आणि शेवटी काहीतरी खरोखर दिसणं, हे सुख परत हाताला लागलं नाही.

त्या साली सर मुंबईच्या कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते आणि येताना लाल रंगाची एक पातळ फिल्म घेऊन आले होते. तिच्यावर अल्फा आदळला की डोळ्यांना न दिसणारा ओरखडा पडतो. नंतर कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात फिल्मला न्हाऊ घातलं की ओरखड्याचं भोक होतं आणि सूक्ष्मदर्शकात दिसतं. जमिनीत सगळीकडेच थोडं युरेनियम असतं. त्यातून रेडॉन नावाचा वायू वर येतो आणि अल्फा उडवत राहतो. चहाच्या कपाच्या आतून तळाला फिल्मचा तुकडा चिकटवायचा, कप जमिनीत पालथा पुरायचा आणि महिनाभर विसरून जायचं. सरांनी आम्हां प्रत्येकाला आपापल्या गावी कप पुरायला लावले. परीक्षा तोंडावर, आणि आम्ही एस.टी.त कपांचं बोचकं मांडीवर घेऊन निघालेलो. कंडक्टर म्हणाला, "काय, रुखवत का काय?"

कप परत आले तेव्हा गंमतच झाली. माझा बाळापूरचा कप कुणीतरी भल्या माणसानं सुलटा करून, पुसून, बांधावर ठेवला होता. सरांच्या हट्ट्याच्या कपातून त्यांच्या आत्याबाई चहा पीत होत्या. "लाल कागूद व्हता, काढून टाकला. कप चांगला निघाला बाबा," म्हणाल्या. उरलेल्या फिल्मवर इथं तिथं चार-दोन भोकं, ती तर असणारच. आपला काळा पाषाण युरेनियमच्या बाबतीत गरीब, हे सरांनी आधीच सांगितलं होतं.

शेवटी गणपतची फिल्म काढली. त्याचा तांडा वारंगा फाट्याच्या पुढं. वडील रामजीकाका लग्नांना गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे, आणि वर्षापूर्वीच त्यांच्या हातात चार एकर रानाचा पट्टा पडला होता. त्या रानातल्या एकुलत्या बाभळीखाली गणपतनं कप पुरला होता. तिथं बैल तुडवत नाहीत म्हणून. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि तसेच राहिले. मग मला म्हणाले, "शालिनी, तू बघ. माझे डोळे फिरले असतील."

गोवर आलेल्या लेकराच्या अंगावर पुरळ असावं तशी फिल्म भोकांनी भरली होती.

सर टेबलाभोवती फिरायला लागले. कॉस्टिकचे थेंब पडून पँटला भोकं पडली तरी त्यांना पत्ता नव्हता. "काळ्या पाषाणात युरेनियम! अरे, आपल्या काळ्या पाषाणात! पोरांनो, मुंबईहून अणुखात्याची माणसं येतील इथं. गाडीनं येतील!" सरांचा तो चेहरा मला अजून दिसतो. लहान गावातल्या हुशार माणसाला आयुष्यात एकदा कुणीतरी बोलवायला यावं, याची केवढी भूक असते! ती भूक त्या दिवशी उघड्यावर आली होती आणि तिला लाज वाटत नव्हती.

दाराशी बशीरचाचा होते. संध्याकाळपर्यंत चौकातल्या हॉटेलात पोचलं, "गणपत के खेत में अॅटम निकला." एस.टी.बरोबर बातमी कळमनुरीला गेली, तिथं तिला पाय फुटले, आणि वारंगा फाट्यावर उतरली तेव्हा ती अशी झाली होती की सरकार तांड्याचं रान घेणार, कुंपण घालणार आणि बंदूकवाले बसवणार.

दुसऱ्या दिवशी रामजीकाका कॉलेजात आले. डोक्याला लाल पागोटं, पायात धुळीचे जोडे. खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"मास्तर, आमच्या बापजाद्यांनी बैलावर मीठ वाहिलं. या गावातून त्या गावात. कुणी उठ म्हटलं की उठलो. तकलीफ वाटली न्हाई, कारण आपलं कायबी नव्हतं. आता हाय. आता मी उठणार न्हाई."

"काका, तसं काही ठरलेलं न्हाई."

"तुमच्या त्या कागदानं ठरतंय म्हणत्यात."

सरांनी खाली पाहिलं. गणपत भिंतीला टेकून उभा होता. एरवी होळीला तांड्यात लेंगीची गाणी म्हणताना ज्याचा आवाज फाट्यापर्यंत जायचा, तो इतक्या हळू बोलला की मला पुढं सरकावं लागलं. "सर, लपवा म्हणत न्हाई मी. पर याडी रातभर झोपली न्हाई. मुंबईला कळवायच्या आधी एकदा बराबर बघा. तेवढंच म्हणतो."

याडी म्हणजे त्याची आई.  सरांना मुंबईला कळवायची घाई झाली होती, हे मला दिसत होतं. गणपतलाही दिसत होतं. मग त्यांनी खडू उचलला.

"अल्फा सगळे सारखेच," ते म्हणाले. "भोकाकडं बघून ते कुठून आले ते कळत न्हाई. त्यांना आणणाऱ्याला ओळखायचं. युरेनियमचा रेडॉन निवांत पाहुणा हाय. चार दिवस झाले तरी निम्मा शिल्लक राहतो. थोरियम म्हणून दुसरं एक असतं, त्याचा वायू थोरॉन. तो मिनिटभरातच निम्मा होतो. दारातून 'येतो' म्हणून दारातूनच परत फिरतो. मग आपण काय करायचं?"

मी म्हटलं, "दार लांब करायचं!"

"व्हय! लांब करायचं!" सरांनी फळ्यावर थाप मारली, खडूचा ढग उठला. "एक बुटका कप. त्याच्याशेजारी तेलाचा उंच डबा, पालथा. फिल्म दोन्हीच्या तळाला. रेडॉन असंल तर डब्यातबी वर चढंल. थोरॉन असंल तर वाटेतच मरंल."

आणि मग खडू खाली ठेवून, जरा वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "डबा कोरा निघाला तर आपल्याकडं कुणी येत न्हाई बरं का."

ते दिवस मी कसे काढले सांगू? अभ्यासाला बसायचे आणि पुस्तकातला प्रत्येक डबा तेलाचा दिसायचा. सरांसाठी वाटायचं, डब्यात भोकं निघावीत. गणपतकडं पाहिलं की वाटायचं, एकही निघू नये. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी तो माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "शाले, काहून इतकी गप? तू गप बसलीस की मला भीती वाटते."

"तुझ्यासाठी देवाला बोलून राहिले."

"आन सरांसाठी?"

मी वहीत डोकं घातलं. तो हसला. "दोन्ही मागू नको. देव गोंधळंल."

परीक्षा संपली त्या आठवड्यात कप आणि डबा परत आले. कॉस्टिकचं पाणी गरम झालं. त्या वाफेचा जिभेवर साबणासारखा कडसर थर बसायचा, तो मला आजही आठवतो. आधी कपातली फिल्म पाहिली. पुरळ होतंच. मग डब्यातली.

सरांनी भिंग इकडून तिकडे फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग बाजूला झाले आणि म्हणाले, "गणपत, तू बघ. तुझं रान हाय."

गणपतनं पाहिलं. "सर, इथं तर कायच न्हाई."

"कायच न्हाई," सर म्हणाले. "किती स्वच्छ 'न्हाई' हाय, बघ की." आणि त्यांनी एकेकाला बोलावून ती जवळजवळ कोरी फिल्म दाखवली, जसं कुणी मूल दाखवतं. "आपला डबा बराबर चालला. इतका सरळ जबाब मला जन्मात मिळाला न्हाई."  हसू चेहऱ्यावर यायला वेळ लागला, पण आलं.

युरेनियम गेलं. पण मग थोरियम आलं कुठून? तेही सरकारला हवंच असतं. रान अजून सुटलं नव्हतं. सर म्हणाले, जागेवर जाऊ.

फाट्यावर उतरून आम्ही तिघं तांड्याकडं चालत गेलो. लगीनसराई उंबऱ्यावर होती. रामजीकाका बाभळीच्या सावलीत गॅसबत्त्या मांडून बसले होते. पितळ चिंचेनं घासून लख्ख केलेलं, रॉकेलचा वास. आम्हाला पाहून त्यांनी मान हलवली, पण हात थांबले नाहीत. त्यांनी एक बत्ती घेतली, काच उचलली, आतलं जुनं, जळून पांढरं झालेलं मेंटल, म्हणजे वातीच्या जागची जाळी, काडीनं टकटक करून खाली पाडलं आणि फूऽ करून राख उडवली. मग खिशातून नवं, रेशमी मेंटल काढून बांधायला लागले.

सर जागच्या जागी उभे राहिले.

"रामजीकाका, काय करून राहिले हे?"

"मेंटल बदलून राहिलो."

"दर वेळी हितंच बदलता?"

"मग कुठं? घरात गणपतची याडी बसू देत न्हाई, राख उडती म्हणते. रान नावावर नव्हतं तेव्हापासून हितंच बसतो. मी बसतो म्हणून तर ही बाभळ ठेवली."

सर हळूच जमिनीवर बसले आणि हसायला लागले. नुसते नाहीत, ढेकळांवर हात आपटत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मेंटल थोरियम लावूनच बनवतात, त्यानंच तर ते पांढरंशुभ्र उजळतं! पंचक्रोशीतल्या इतक्या लग्नांचा उजेड जळून जळून त्या एका बाभळीखाली साचला होता, आणि आम्ही त्यावर कप ठेवून पृथ्वीच्या पोटात शिरलो होतो.

रामजीकाकांना सगळं समजावलं तेव्हा ते आधी सरांकडं पाहत राहिले, मग बत्तीकडं. "म्हंजी हे मीच केलं व्हय?"

"तुमीच."

"आन सरकार?"

"सरकारला सांगतो, रामजी राठोडांची राख हाय. पाहिजे तर घेऊन जा."

काका इतक्या जोरात हसले की तांड्यातली कुत्री भुंकायला लागली. सरांनी मात्र त्यांना तिथंच दम भरला. इथून पुढं तोंडानं फुंकायचं नाही, राख छातीत जाऊ द्यायची नाही. बाभळीखालची वरची माती खरवडून डब्यात भरली, झाकण पक्कं केलं आणि कॉलेजात आणून कपाटात ठेवली. चिमूटभर राख पुडीत वेगळी घेतली होती. ती झिंक सल्फाइडच्या काचेवर टाकून पाहिली आणि खात्री झाली, ठिणग्याच ठिणग्या. सरांनी मुंबईला कळवलं ते एवढंच: संशय होता, फिटला.

कुणी गाडीनं आलं नाही.

सर पुढं दुसऱ्या कॉलेजात गेले, आणि मग गेलेच. मी बँकेत नोकरी केली, रोज नोटांचा वास हुंगला, आणि निवृत्तीला आता थोडी वर्षं उरली आहेत. माझी मुलगी विचारते, आई, तू फिजिक्स करून उपयोग काय झाला? मी म्हणते, मला कोरी फिल्म बघता येते. ती मान हलवून निघून जाते. तिला कसं सांगू की हव्या असलेल्या गोष्टीची परीक्षा आपणच घ्यावी आणि ती नापास झाली तरी सगळ्यांना बोलावून निकाल दाखवावा, असं करणारा माणूस मी पाहिला आहे. आणि दर फाल्गुनात तो माणूस परत एकदा वर्गात यावा असं मला वाटत राहतं.

पण त्या सालाचं अजून थोडं आहे. मृगाची पेरणी आली तेव्हा रामजीकाकांनी गणपतबरोबर निरोप धाडला: मास्तरनं यावं, बाभळीकडच्या कोपऱ्यात चाड्यावर मूठ त्यांचीच. तिफणीच्या चाड्यात मुठीनं बी सोडत जायचं असतं. दिसायला सोपं. सरांचे आई-वडील दुसऱ्यांच्या रानात राबलेले, पण स्वतःच्या नावाचं वितभर रान घरात कधी नव्हतं, आणि पोरगा शिकावा म्हणून त्यांनी त्याला तिफणीजवळ येऊच दिलं नव्हतं. सर टेरिलीनची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तिफणीमागं चालले. मूठ कधी आवळली जायची, कधी एकदम सुटायची. बांधावर बसून मी आणि गणपत पोट धरून हसत होतो.

सुगीला आम्ही पुन्हा गेलो. गणपतच्या याडीनं चुलीवरून भाकरी काढून सरांच्या पुढ्यात टाकली. बाभळीकडच्या कोपऱ्यात ज्वारी इथं दाट, तिथं टक्कल, अशी उभी होती. मोकळ्या जागी काकांनी दुसरं बी टोकलं नव्हतं. तशीच राहू दिली होती. सर ओशाळून म्हणाले, "काका, तुमचं नुकसान केलं मी."

रामजीकाकांनी कणसावर हात फिरवला.

"कमी पिकलं मास्तर," ते म्हणाले. "पर हितंच पिकलं."